हाताजोगी लेखणी

लेखणीचं कौतुक आपल्याकडे पुष्कळ झालं आहे. तिला तलवारीच्या जोडीला बसवून झालं, दिवाळीत वहीपूजनाच्या दिवशी दौतीशेजारी ठेवून हळदकुंकू वाहून झालं, तिच्यावर शाळेत निबंधही लिहून झाले. पण लेखणी ज्या हातात राहते त्या हाताची विचारपूस कुणी फारशी केलेली नाही. हात आहेच, तो लेखणी धरणारच, असं आपण गृहीत धरतो. ज्यांचा हात लेखणी धरीत नाही अशी माणसं मात्र आपल्या गावात, आपल्या आळीत, कधी आपल्या घरातही असतात. त्यांच्या दृष्टीनं लेखणीचा इतिहास थोडा निराळा आहे, आणि तोच आज तुमच्यापुढं मांडायचा आहे.

वाचकहो, जवळ लेखणी असेल तर ती जरा हातात घ्या. अंगठा एका बाजूनं, तर्जनी वरून आणि मधलं बोट खालून, अशा तीन टेकूंवर ती उभी आहे. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट कागदावर टेकून हाताला बैठक देतात. आता अंगठा तळव्याशी आवळून धरा आणि उरलेल्या बोटांनी आपलं नाव लिहून पाहा. पहिल्या दोन अक्षरांतच तुमच्या ध्यानात येईल की लिहिणं ही नुसती विद्या नाही, ती हाताची करामत आहे. ही करामत साधली नाही म्हणजे माणूस अडाणी ठरतो. मग त्याला शंभर श्लोक पाठ असोत की हजारांचा हिशेब तोंडी येत असो.

मुळात आपल्याकडे लिहिण्याची सुरुवात लेखणीनं होतच नसे. ती होई बोटानं. पाटीवर धूळ किंवा बारीक वाळू पसरायची आणि तीत बोटानं अक्षर काढायचं. यालाच धुळाक्षरं म्हणत. मुलाचा हात धरून पंतोजी अक्षर गिरवून घेत. या पद्धतीत एक मोठं शहाणपण होतं. अक्षराचं वळण आधी हाताला कळे, आणि लेखणी धरण्याची कसरत मागाहून येई. एका बोटानंच काय, मुठीनं किंवा कोपऱ्यानंही धुळीत अक्षर काढता येतं. म्हणजे अक्षर आणि लेखणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या जुन्या शाळेला ठाऊक होतं. पुढं आपण ते विसरलो.

धुळाक्षरांनंतर येई बोरू. बोरू म्हणजे एक प्रकारचं वेताच्या जातीसारखं पोकळ गवत. त्याची कांडी वाळवायची, हव्या त्या लांबीची तोडायची, धारदार चाकूनं टोक तासायचं, मधोमध बारीक चीर पाडायची आणि शेवटी टोकाला तिरका छाट द्यायचा. या चाकूला फारशीवरून आलेलं कलमतराश असं भारदस्त नाव होतं. कलमदानात दौत, बोरू आणि हा चाकू अशी बिऱ्हाडं एकत्र नांदत. शाई घरीच होई. दिव्याचं काजळ आणि डिंक हे तिचे मुख्य घटक. शाई दाट झाली तर पाणी घालायचं, बोरू बोथट झाला तर पुन्हा तासायचा.

आता यातली महत्त्वाची गोष्ट पाहा. बोरू दुकानातून तयार येत नसे. तो ज्याचा त्यानं, किंवा ज्याच्यासाठी त्याच्याकडे बघून, करायचा असे. लहान मुलाला आखूड आणि जाड, मोडीचा धावता कागद लिहिणाऱ्या कारकुनाला बारीक टोकाचा, पोथी लिहिणाऱ्याला रुंद टोकाचा. छाट किती तिरका द्यायचा हे लिहिणाऱ्याच्या मनगटाच्या ठेवणीवर ठरे. बोटं जाड असतील तर कांडी जाड निवडावी, हात कापत असेल तर टोक थोडं रुंद ठेवावं, एवढं स्वातंत्र्य प्रत्येकाला होतं. मोडी लिपीत आधी ओळभर रेघ मारून घेत आणि मग तिच्याखाली अक्षरं हात फारसा न उचलता ओढीत नेत. लिपी, लेखणी आणि हात यांनी एकमेकांशी जुळवून घेतलं होतं. आणि त्यात हात हा यजमान होता, लेखणी पाहुणी होती.

युरोपातही चाल निराळी नव्हती. तिकडे हंसाच्या पिसाची लेखणी. तीही वापरणाऱ्यानंच तासायची. इंग्रजीत खिशातल्या छोट्या चाकूला अजून जे नाव आहे त्यात पेन हा शब्द आहे, तो या तासण्यामुळंच. मग एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या पाव शतकात बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून पोलादाची निबं निघू लागली. जॉन मिचेल, जोसेफ गिलॉट, जोसाया मेसन ही त्या धंद्यातली प्रसिद्ध नावं. यंत्राच्या एका दाबाखाली एकसारखी निबं पडू लागली, जहाजांतून जगभर गेली आणि आपल्याकडे टाक म्हणून कचेऱ्यांत येऊन बसली. टाक स्वस्त होता, टिकाऊ होता, त्याचं अक्षर नेटकं येई. बोरू त्याच्यापुढं हळूहळू मागं पडला. पण या व्यवहारात एक उलटापालट झाली. आता लेखणी यजमान झाली आणि हात पाहुणा. कारखान्यानं जी जाडी ठरवली, ती सगळ्या हातांनी मान्य करायची.

हातांनी ती निमूटपणे मान्य केली असं मात्र नाही. लेखनिकांच्या हाताचं दुखणं तसं जुनंच आहे. इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्यानं निरनिराळ्या धंद्यांतल्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्याच्या १७१३ च्या आवृत्तीत त्यानं लेखनिकांचा समावेश केला, आणि सतत बसणं, हाताची एकाच दिशेची अखंड हालचाल आणि मनावरचा ताण ही तीन कारणं सांगितली. पण टाकाचं राज्य सुरू झाल्यावर हे दुखणं फार बोललं जाऊ लागलं. १८३० साली सर चार्ल्स बेल यानं त्याचं वर्णन केलं. १८६४ साली सॅम्युअल सॉली या लंडनच्या शस्त्रवैद्यानं त्यावर व्याख्यानं दिली. इतर सगळी कामं करणारा हात लेखणी उचलली की आखडतो, बोटं वळतात, अक्षर फिसकटतं. इंग्लंडातल्या कित्येक कारकुनांनी याचा दोष पोलादी निबाला दिला. दोष सगळा निबाचा नव्हता. पण बारीक दांडी घट्ट आवळून दिवसभर लिहायला लावलं तर हात बंड करतो, हे त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं.

थकलेल्या हाताचं एक थोर उदाहरण आपल्या जवळचं आहे. १९०९ सालच्या नोव्हेंबर महिन्यात, १३ ते २२ तारखेच्या दरम्यान, इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेला जाणाऱ्या किल्डोनन कॅसल या बोटीवर गांधीजींनी ‘हिंद स्वराज्य’ हे पुस्तक गुजरातीत लिहून काढलं. हस्तलिखिताची पानं २७५. उजवा हात दुखून आला तेव्हा त्यांनी लेखणी डाव्या हातात घेतली, आणि त्या पानांपैकी ४० पानं डाव्या हातानं लिहिली. गांधीजींजवळ दुसरा हात होता आणि तो वळवण्याची जिद्दही होती. पण ज्याचे दोन्ही हात गेले आहेत त्यानं काय करावं?

हा प्रश्न आमच्या भागाला परका नाही. मी शहापूरचा. भंडाऱ्याहून नागपूरच्या वाटेला लागलं की थोड्याच अंतरावर आमचं गाव लागतं. भोवताली धानाची शेती, पलीकडे जवाहरनगरचा आयुध निर्माणीचा परिसर आणि पाठीमागं पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेलं भंडारा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा सगळा पूर्व विदर्भाचा पट्टा कुष्ठरोगाशी फार जुनी झुंज देत आला आहे, आणि आजही इथं नवे रोगी सापडतात. या रोगाचा जंतू नॉर्वेच्या आर्मौर हॅन्सननं १८७३ साली शोधला. १९८२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं अनेक औषधं एकत्र देण्याची पद्धत सुचवली आणि आपल्या देशात ती अगदी सुरुवातीला ज्या जिल्ह्यांत आली त्यांत आपला वर्धा जिल्हा होता. आज हा रोग औषधानं पूर्ण बरा होतो. मात्र औषध जंतू मारतं. जी नस आधीच मेली ती परत जिवंत करीत नाही. म्हणून रोग बरा झाल्यावरही वाकडा हात मागं राहतो.

तो हात नेमका कुठं अडतो हे समजून घेतलं पाहिजे. कोपराच्या आतल्या बाजूनं एक नस जाते. कोपर कशावर आपटलं की झिणझिण्या येतात ती हीच. ती बिघडली की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळतात, आणि अंगठा व तर्जनी यांची चिमूटही ढिली पडते. दुसरी नस मनगटाच्या मधून जाते. ती गेली तर अंगठा इतर बोटांसमोर येतच नाही, आणि लेखणीला टेकू देणारी जी तीन बोटं, त्यांचीच जाणीव नाहीशी होते. म्हणजे चिमटीत लेखणी राहत नाही, आणि राहिली तरी ती किती जोरानं दाबली जाते आहे हे कळत नाही.

आमच्या विदर्भातच या माणसांसाठी मोठी कामं उभी राहिली. वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ साली मनोहरजी दिवाण यांनी कुष्ठसेवेचं काम सुरू केलं. सेवाग्रामला १९३९ साली परचुरे शास्त्री आले. ते संस्कृतचे पंडित होते आणि कुष्ठरोगी होते. गांधीजींनी त्यांना आश्रमातच ठेवून घेतलं आणि स्वतःच्या हातानं त्यांची सेवाशुश्रूषा केली. त्यांची कुटी आजही तिथं दाखवतात. १९४९ साली बाबा आमट्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि १९५१ साली वरोऱ्याजवळ आनंदवन उभं राहिलं. तिथं ज्यांना लोकांनी कामातून गेलेले ठरवलं होतं त्यांनी माळरानावर विहिरी खणल्या, शेती केली, माग चालवले, सुतारकाम केलं. हाताला काम मिळालं की माणूस उभा राहतो, हा आनंदवनाचा धडा साऱ्या देशानं पाहिला. मात्र कामासाठी जसं हत्यार हाताजोगं करावं लागतं, तशी लेखणीही हाताजोगी करावी लागते, इकडे आपलं लक्ष तेवढं गेलं नाही.

या बाबतीतला शास्त्रीय पाया घातला तो दक्षिणेत, वेल्लोरला. पॉल ब्रँड या शस्त्रवैद्याचा जन्म १९१४ साली तमिळ मुलखातल्या डोंगरात झाला. वैद्यकी शिकण्याआधी ते सुतारकाम आणि गवंडीकाम शिकले होते, आणि ही विद्या पुढं त्यांच्या उपयोगी पडली. १९४६ साली ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. चिंगलपुटच्या कुष्ठधामात त्यांनी एका रोग्याच्या वाकड्या हातात हात दिला, तो त्या हातानं त्यांची बोटं अशी आवळली की त्यांना कळ आली. त्यावरून ब्रँड यांनी ओळखलं की हा हात मेलेला नाही. कोपराखालचे स्नायू शाबूत आहेत, फक्त काही तारा तुटल्या आहेत. मग एका चांगल्या स्नायूची दोरी दुसरीकडे वळवून बोटं सरळ करण्याच्या शस्त्रक्रिया त्यांनी सुरू केल्या.

त्याहून मोठा शोध पुढं लागला. एकदा कोठीचं गंजलेलं कुलूप ब्रँड यांना उघडेना. शेजारी उभ्या असलेल्या एका कुष्ठरोगी मुलानं किल्ली घेतली आणि एका झटक्यात फिरवली. मुलाच्या अंगात एवढा जोर कुठला, म्हणून पाहतात तो त्याच्या बोटाला किल्लीनं हाडापर्यंत कापलं होतं, आणि त्याला त्याची दादही नव्हती. कुष्ठरोग्यांची बोटं रोगानं आपोआप झडतात ही समजूत किती चुकीची आहे हे यातून उघड झालं. बोटं जातात ती न कळलेल्या जखमांनी. वेल्लोरच्या नवजीवन केंद्रात रोगी सुतारकाम शिकत. तिथं कुठली जखम कुठल्या हत्यारामुळं झाली याचा पाठपुरावा ब्रँड यांनी केला, आणि दोष हत्यारांच्या मुठींत सापडू लागला. मूठ जाड केली, गुळगुळीत केली, हाताला बसती केली, की जखमा कमी होत.

यामागचं गणित आपल्या आयाबहिणींना शाळेत न जाता ठाऊक आहे. भरलेल्या बादलीची तारेची कडी हाताला काचते, म्हणून आपण तिच्याभोवती फडकं गुंडाळतो. डोक्यावर घागर घेताना खाली चुंबळ ठेवतो. ओझं तेवढंच राहतं, पण ते जास्त जागेवर पसरतं आणि मग टोचत नाही. आमच्या गावचा सुतारसुद्धा कुदळीला दांडा किंवा विळ्याला मूठ बसवताना धरणाऱ्याचा हात आधी पाहतो. मग विळ्याच्या बाबतीत जे शहाणपण आपण पिढ्यान्‌पिढ्या वापरतो ते लेखणीच्या बाबतीत का वापरू नये? बारीक लेखणी ही तारेच्या कडीसारखीच आहे. तिला चुंबळ हवी.

आता ही चुंबळ कशी करायची ते सांगतो. कारण यात कारखाना लागत नाही. सुतार, बुरड आणि धीर असला म्हणजे झालं.

पहिलं काम हात पाहण्याचं. माणसाला लेखणी अशीच धर, तशीच धर असं सांगू नये. त्याला ज्या दोन जागांमध्ये पकड साधते त्या शोधाव्या. कुणाला अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात पकड मिळते, कुणाला तर्जनी आणि मधल्या बोटाच्या फटीत, कुणाला फक्त मुठीत. एका काडीभोवती मोठ्या लिंबाएवढा मऊ चिकणमातीचा गोळा लावून तो हातात द्यावा आणि चार अक्षरं काढल्यासारखा हात फिरवायला सांगावं. माती हाताचा आकार घेते. तो गोळा वाळला की तोच आपला नमुना. परदेशात आणि आपल्याकडच्या काही रुग्णालयांत याच कामासाठी दोन द्रव्यं मळून होणारी राळेची कणीक वापरतात. ती हाताच्या आकारातच घट्ट होते. पण मातीनंही काम भागतं.

दुसरं काम लाकूड निवडण्याचं. अशक्त हाताला जड लेखणी पेलत नाही. म्हणून लाकूड हलकं हवं. शिवण, पांगारा यांसारखं. नेहमीची लेखणी साधारण ८ ते १० मिलिमीटर जाड असते. अधू हातासाठी ती दोन ते तीन सेंटिमीटरपर्यंत जाड करावी लागते. मात्र जाडीलाही हद्द आहे. अति जाड झाली तर बोटं फाकतात आणि पकड पुन्हा सुटते. लाकडाला आरपार भोक पाडून आत कांडी घट्ट बसवायची. बांबूचं पेर घेतलं तर भोक आयतंच मिळतं, पण बांबूचं कुसळ फार वाईट. बधिर हातात ते शिरलं तर कळायचं नाही आणि जखम चिघळेल. म्हणून बांबू काचकागदानं घासून, वरून कापडी पट्टी किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर चढवल्याशिवाय हातात देऊ नये. रबरामुळं घामेजल्या हातातूनही लेखणी सटकत नाही.

तिसरं काम आकाराचं. मुठीत धरणाऱ्याला पेरूसारखा फुगीर दांडा आणि त्यातून तिरकं निघालेलं टोक बरं पडतं. दोन बोटांच्या फटीत धरणाऱ्याला मधे खाच असलेली लेखणी हवी. बोटांत अजिबात बळ नसेल तर तळव्याभोवती मऊ पट्टा बांधून त्यातच लेखणी अडकवता येते. मग अक्षर मनगटानं आणि खांद्यानं काढायचं. ज्यांचा हात कापतो अशा काही जणांना उलट थोडं वजन उपयोगी पडतं. तिथं भंडाऱ्याच्या पितळेचा एखादा वेढा लेखणीच्या खालच्या भागाला बसवावा आणि हात काय म्हणतो ते पाहावं. हाताला विचारल्याशिवाय कुठलीच गोष्ट पक्की करू नये.

चौथी गोष्ट शाईची. बॉलपेन सोयीचं खरं, पण ते दाबून लिहावं लागतं. फाउंटन पेन तिरकं धरलं तरी आपल्या वजनानं लिहितं. हल्लीचं जेल पेनही हलक्या हातानं चालतं. म्हणून अशक्त हाताला आणि बधिर हातालाही वाहती शाईच बरी. कागद उतरत्या फळीवर चापानं अडकवून द्यावा, म्हणजे दुसऱ्या हातानं तो धरून ठेवावा लागत नाही. जुन्या मुनिमांपुढं असं उतरतं मेज असेच.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हात बधिर असेल तर पहिले काही दिवस दहा-दहा मिनिटंच लिहावं आणि लिहून झाल्यावर हात डोळ्यांनी नीट पाहावा. कुठं लाली दिसली, वळ दिसला, तर त्या जागी लेखणी तासावी. ज्या हाताला दुखणं कळत नाही त्याचं दुखणं डोळ्यांनी ओळखावं लागतं. हे सगळं कुष्ठरोगापुरतंच नाही. संधिवातानं सुजलेली बोटं, अर्धांगानं लुळा पडलेला हात, पोलिओनं बारीक झालेलं मनगट, यंत्रात सापडून गेलेली बोटं, जन्मतःच मेंदूच्या पक्षाघातानं आखडलेले लहान मुलाचे हात, या सर्वांना हीच रीत थोड्याफार फरकानं लागू पडते.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? आता फोनपुढं नुसतं बोललं तरी अक्षरं उमटतात. परीक्षेला लेखनिक मिळतो. सही येत नसेल तर अंगठा आहेच. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही, म्हणून त्याचा नीट विचार करू.

आधी अंगठ्याचं पाहू. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्यानं एका कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारनाम्यावर घेतला, आणि पुढं ठशांचं शास्त्र झालं. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अॅक्टप्रमाणं ज्याला नाव लिहिता येत नाही त्याची खूण हीच सही मानली जाते. निरक्षराची सोय झाली. पण ज्याच्या बोटांची टोकंच झिजून गेली आहेत, त्याचा ठसाही उमटत नाही. आधार कार्डाच्या वेळी अशा माणसांसाठी अपवादाची तरतूद करावी लागली, ती त्यामुळंच. म्हणजे पाहा, एखादा माणूस रोगातून बरा झाला, शिकलेला आहे, शहाणा आहे. पण बँकेच्या खिडकीपुढं तो सही करू शकत नाही आणि अंगठाही देऊ शकत नाही. आपण आपणच आहोत हे त्यानं कशानं सिद्ध करायचं? अशा माणसाला नाव लिहिता येईल अशी लेखणी करून दिली, तर ती त्याची ओळख त्याला परत मिळवून देते.

लेखनिकाचं म्हणाल तर तो हक्क आहे आणि हवाच. केंद्र सरकारच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनी अपंग परीक्षार्थींना लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटांचा जादा वेळ मान्य केला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं कुष्ठमुक्त व्यक्तींनाही त्यात स्पष्ट स्थान दिलं. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवारालाही लेखनिक मिळाला पाहिजे असा निकाल दिला. रामाझ्झिनीनं ज्या दुखण्याची नोंद केली त्याला न्याय मिळायला तीनशेहून अधिक वर्षं लागली म्हणायची. पण लेखनिक परीक्षेच्या तीन तासांपुरता असतो. रोजच्या वहीतली टिपणं, दुकानाची यादी, बहिणीला लिहायचं पत्र आणि काही न सांगण्याजोगं मनातलं लिहायचं असेल ते, यासाठी दुसऱ्याचा हात किती उसना आणायचा? फोनलाही सगळं ऐकवता येत नाही. घरात चार माणसं असतात.

आणि शाळेचं काय? आपल्या शाळांतून अजूनही अभ्यास वहीतच होतो, परीक्षा कागदावरच होते. ज्या मुलाचा हात आखडलेला आहे त्याचं अक्षर वाईट येतं, वेळ पुरत नाही, मग तो मागं पडतो, आणि लवकरच त्याला मंद ठरवून मोकळं होतात. त्याच्या बुद्धीची परीक्षा कुणी घेतलेलीच नसते. परीक्षा झालेली असते त्याच्या चिमटीची. मास्तरांनी अशा मुलाला छडीऐवजी मातीचा गोळा हातात दिला आणि गावच्या सुताराला एक तास बसवलं, तर कदाचित त्या मुलाचं आयुष्य बदलेल. खर्च म्हणाल तर लाकडाचा एक तुकडा, एक कांडी आणि सायकलच्या ट्यूबची एक पट्टी.

कारखान्याच्या लेखणीशी माझं वैर नाही. १९३१ साली मुंबईत दांडेकरांनी स्वदेशी शाईचा धंदा काढला आणि पुढं कॅमल हे नाव घरोघर झालं. फाउंटन पेन आलं, बॉलपेन आलं, दोन-चार रुपयांत लेखणी मिळू लागली, म्हणूनच खेड्यातल्या पोरांच्या हातात ती आली. हे उपकार मोठे आहेत. पण कारखाना लाखो हातांचा मध्य काढून एक लेखणी करतो, आणि त्या मध्यापासून जो हात दूर पडतो तो तिथं मोजला जात नाही. तो हात मोजणं हे गावाचं काम आहे. आपल्याकडे बोरू होता तोवर हे काम नकळत होत होतं. आता ते जाणून करावं लागेल.

शहापूरला सुतार आहेत, भंडाऱ्यात पितळेवर काम करणारे कारागीर आहेत, जिल्ह्यात बांबू मुबलक आहे आणि बुरडांच्या बोटांत कला आहे. शाळा आहेत, महाविद्यालयं आहेत, प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत. या सर्वांची एकदा गाठ घालून दिली तर प्रत्येक तालुक्यात अशी पाच-पंचवीस लेखण्या करण्याची सोय सहज होईल. वाचकहो, तुमच्या ओळखीत असा एखादा हात असेल. त्याला काय धरता येत नाही हे तुम्हाला ठाऊक असेलच. आता त्याला काय धरता येतं ते विचारा. आणि उत्तर मिळालं की ते घेऊन सुताराकडे जा.